वाजणारा फोन कोणाचा?

पत्र: यंत्रांची देखभाल आणि दुरुस्ती करणाऱ्या एका लहान संस्थेचे कार्यालय मी सांभाळते. कार्यालयात आम्ही पाच जण असतो आणि सहा तंत्रज्ञ दिवसभर बाहेर असतात. मुख्य क्रमांक एकच, त्यावर तीन लाइनी आहेत. फोन स्वागतकक्षात वाजतो. तिथे उचलला गेला नाही, तर व्हॉइसमेलवर जातो. सकाळी दहा ते अकरा या तासात साधारण वीस फोन येतात, आणि बोलणे व नोंद धरून प्रत्येकाला तीनेक मिनिटे लागतात. त्या तासात आणि जेवणाच्या सुट्टीत सर्वाधिक फोन हुकतात. संध्याकाळी आम्ही निरोप ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बसून सगळ्यांना फोन करतो. तेव्हा ग्राहक उचलत नाहीत. ते उलट फोन करतात तेव्हा आमचा माणूस जागेवर नसतो. एकेका कामासाठी तीन-तीन दिवस ही चुकामूक चालते. स्वागतकक्षातील सहकारी कुचराई करते असे मालकांना वाटते. त्यांनी नवी यंत्रणा घ्यायचे ठरवले आहे. तिच्यात सात पर्यायांचा मेनू असेल आणि फोन थेट तंत्रज्ञांच्या मोबाइलवर जातील. याने प्रश्न सुटेल का? आणि व्हॉइसमेल ठेवावा की बंद करावा?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. आलेला फोन उचलला जात नाही, हा एक. आणि न उचललेल्या फोनला उत्तर द्यायला गेल्यावर माणसे एकमेकांना सापडत नाहीत, हा दुसरा. पहिला प्रश्न वाटेचा आहे, म्हणजे फोन कोणत्या क्रमाने, किती वेळ आणि कोणाकडे वाजतो याचा. दुसरा मजकुराचा आहे, म्हणजे निरोपात काम पुढे नेण्याइतके काही असते की नुसते ‘फोन करा’ एवढेच असते याचा. नव्या यंत्रणेने पहिल्या प्रश्नाचा काही भाग सुटू शकतो. दुसऱ्याला ती हातही लावत नाही. उलट मालकांच्या मनात आहे तशीच ती बसवली, तर चुकामूक वाढेल असे मला वाटते. त्याची कारणे पुढे ओघाने येतील.

मालकांच्या संशयाबद्दल आधी बोलतो, कारण तो बाजूला ठेवल्याखेरीज कोणतेही मोजमाप प्रामाणिकपणे होणार नाही. टेलिफोनच्या इतिहासात या संशयाला जुनी परंपरा आहे. अमेरिकेतील अल्मन स्ट्राउजर हे अंत्यविधीची व्यवस्था करून देणारे व्यावसायिक होते. आपल्याकडे यायचे फोन एक्स्चेंजमधील ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्यांचा समज झाला होता असे सांगतात. त्यातून त्यांनी ऑपरेटरची गरजच न ठेवणारे स्वयंचलित एक्स्चेंज कल्पिले. १८९१ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले आणि १८९२ साली इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी तसे एक्स्चेंज सुरूही झाले. संशयातून उत्तम यंत्र जन्माला आले, हे मान्य. पण ते यंत्र फोन योग्य दारापर्यंत पोहोचवत होते. दाराच्या आत तो कोणी उचलायचा, हे त्याने ठरवले नव्हते, आणि आपल्या कार्यालयात अडले आहे ते नेमके तिथे.

आता आपणच दिलेले आकडे मांडून पाहू. तासाला वीस फोन, प्रत्येकी तीन मिनिटे, म्हणजे साठ मिनिटांच्या तासात साठ मिनिटांचे काम. कागदावर असे दिसते की जागेवरून न हलणारी एक व्यक्ती हे काम बरोबर पुरे करील. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण फोन रांग लावून, तीन-तीन मिनिटांच्या अंतराने येत नाहीत. ते मनाला येईल तेव्हा येतात, कधी एकदम चार, तर कधी दहा मिनिटे एकही नाही. या बेभरवशाच्या येण्याचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एर्लांग यांनी बसवले. त्यांचा पहिला लेख १९०९ सालचा आणि आजही वापरात असलेली सूत्रे १९१७ सालची आहेत. तासाभरात तासभर बोलणे होईल एवढ्या वाहतुकीला त्यांच्याच नावाने एक एर्लांग म्हणतात. म्हणजे आपला दहा ते अकराचा भार बरोबर एक एर्लांग आहे.

एर्लांग यांच्या सूत्रात हा भार घातला, आणि ताटकळण्याची सोय नाही, समोरचा व्यग्र असेल तर फोन हुकला असे धरले, तर उत्तर असे येते: उचलणारी व्यक्ती एकच असेल, तर निम्मे फोन हुकतील. दोन व्यक्ती असतील, तर पाचांतला एक. तीन असतील, तर सोळांतला एक. पहिले वाक्य मालकांना आवर्जून वाचून दाखवावे. आपली सहकारी पाणी प्यायलासुद्धा उठली नाही, तरी त्या तासातला दर दुसरा फोन ती आधीच्या ग्राहकाशी बोलत असताना येणार आहे. ही कुचराई नव्हे, हे अंकगणित आहे. शिवाय ज्यांचा फोन लागला नाही ते गप्प बसत नाहीत, पाच मिनिटांनी पुन्हा फोन करतात, त्यामुळे खरा भार कागदावरच्यापेक्षा जास्तच भरतो.

फोन करणाऱ्याला थोडा वेळ थांबवून ठेवण्याची सोय केली, तर चित्र पुष्कळ सुधारते, पण तिथेही माणसांची संख्या महत्त्वाची ठरते. दोन जण उचलत असतील, तर तिघांतल्या एकाला थांबावे लागेल, आणि ज्याला थांबावे लागेल त्याची सरासरी प्रतीक्षा तीन मिनिटांची असेल. तिसरी व्यक्ती मदतीला आली की अकरांतल्या एकालाच थांबावे लागते, आणि तेही सरासरी दीड मिनिट. म्हणून माझी पहिली सूचना यंत्राची नाही, वेळापत्रकाची आहे: हिशेब किंवा साठा पाहणाऱ्या दोघा सहकाऱ्यांनी दहा ते सव्वाअकरा या वेळेत आपापल्या टेबलावरून मुख्य क्रमांकाचे फोन घ्यावेत आणि त्या वेळेत दुसरे मोठे काम हाती घेऊ नये. दिवसभर तिघांना फोनला जुंपण्याची काहीच गरज नाही. जेवणाच्या सुट्टीसाठी पाळ्या लावाव्यात, हे सांगायला सल्लागार कशाला हवा, असे आपल्याला वाटेल. तरीही अनेक कार्यालयांत सगळे जण एकदमच डबे उघडतात आणि त्याच वेळी ग्राहकांनाही मोकळा वेळ मिळत असल्याने फोन वाढतात.

आता मला आपल्या पत्रात खरोखर खटकलेली गोष्ट. आदल्या संध्याकाळी ऐकलेले निरोप आपण सकाळी दहाला घेऊन बसता. म्हणजे ज्या तासात सर्वाधिक फोन येतात, त्याच तासात आपण बाहेर फोन लावता, आणि तेही त्याच तीन लाइनींवरून. आपले दोन सहकारी बाहेर फोन लावत बसले की आत येणाऱ्यांसाठी एकच लाइन उरते. त्या लाइनीवर कोणी बोलत असेल, तर पुढच्या ग्राहकाला एंगेज टोन ऐकू येतो. आजच्या निरोपांची उत्तरे देताना आपण उद्याचे निरोप तयार करत आहात. हे चक्र मोडायला एक पैसाही लागत नाही: उलट फोन करण्याची वेळ दहाऐवजी साडेअकरानंतरची ठेवावी, आणि शक्य तितके निरोप त्याच दिवशी, येतील तसे निकाली काढावेत.

एंगेज टोनबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. सगळ्या लाइनी भरलेल्या असताना आलेला फोन आपल्या ईपीएबीएक्सपर्यंत, म्हणजे कार्यालयातल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत, पोहोचतच नाही, त्यामुळे तो आपल्या मिस्ड कॉलच्या यादीतही दिसत नाही. तो बाहेरच्या बाहेर परत जातो. अशा फोनांची संख्या फक्त सेवा देणारी कंपनी सांगू शकते. तिच्याकडे लेखी मागणी करून दोन आठवड्यांचा तपशील घ्यावा. लाइनी वाढवाव्यात की नाहीत, हे त्या आकड्यावर ठरवावे, अंदाजावर नाही. आणि प्रतीक्षेची रांग सुरू करणार असाल, तर थांबलेला प्रत्येक ग्राहक एक लाइन अडवून बसतो, हेही हिशेबात धरावे. दोघे उचलणारे आणि तीन लाइनी असतील, तर रांगेत एकालाच जागा आहे.

कंपनीकडून हा तपशील येईपर्यंत आपण आतली नोंद सुरू करावी. आठवडाभर प्रत्येक हुकलेल्या फोनापुढे चार शब्द लिहिले तरी पुरेत: किती वाजता आला, किती सेकंद वाजला, त्या वेळी उचलणारी व्यक्ती कुठे होती, आणि तोच क्रमांक आधी किंवा नंतर पुन्हा आला का. एकाच माणसाने दहा मिनिटांत तीनदा केलेला फोन तीन नव्हे, एक धरावा. नाहीतर आकडा फुगतो आणि मालकांच्या संशयाला नसते बळ मिळते. तीन-चार सेकंदांतच बंद झालेले फोन वेगळे काढावेत, कारण त्यांत चुकून लागलेले पुष्कळ असतात आणि ते कोणीच उचलू शकले नसते. उरलेल्यांत काही ‘जागेवर कोणी नव्हते’ या कारणाचे निघतील, काही ‘दुसऱ्या फोनवर होते’ या कारणाचे, काही कार्यालय बंद असतानाचे, आणि काही असे निघतील की फोन वाजल्याचे कोणालाच आठवत नाही. प्रत्येक कारणाचा उपाय निराळा आहे आणि सगळ्यांवर एकच औषध देण्यात अर्थ नाही.

फोन वाजण्याचा क्रम आपल्या सध्याच्या यंत्रणेतही बदलता येत असणार. ‘रिंग ग्रुप’ किंवा ‘हंट ग्रुप’ या नावाने ती सोय सेटिंगमध्ये सापडेल. सगळीकडे एकदम वाजवायचा की एकामागून एक, असे दोन मुख्य प्रकार असतात. एकदम वाजवण्यात वेळ वाचतो, पण ‘दुसरा कोणीतरी उचलेल’ या विश्वासावर पाचही जण बसून राहतात, हा माझा अनुभव आहे. आपल्यासारख्या कार्यालयात मी मधला मार्ग सुचवीन: पहिले दहा-बारा सेकंद फक्त स्वागतकक्षात, नंतर तिथे वाजत असतानाच ठरलेल्या दोन टेबलांवरही, आणि तिसाव्या सेकंदाच्या आसपास थांबण्याची सूचना किंवा निरोप नोंदवण्याची सोय. आणि त्या दोन टेबलांची नावे दररोज सकाळी ठरलेली असावीत. वाजणारा फोन कोणाचा, याचे उत्तर कोणत्याही सेकंदाला एका नावाने देता आले पाहिजे. ‘आमच्या सगळ्यांचा’ हे उत्तर आले, की तो कोणाचाच नसतो.

हे सगळे हिशेब सेकंदांत करा, घंट्यांत करू नका. ‘चार वेळा वाजल्यावर पुढे पाठवा’ असे सांगण्याची पद्धत आहे, पण चार घंट्या म्हणजे नेमका किती वेळ, हे देशागणिक बदलते. अमेरिकेत दोन सेकंद आवाज आणि चार सेकंद शांतता असे सहा सेकंदांचे आवर्तन असते, तर ब्रिटनमध्ये जोडघंटी आणि तिच्यानंतरची शांतता मिळून तीन सेकंदांचेच. म्हणजे त्याच चार घंट्या एकीकडे चोवीस सेकंद होतात आणि दुसरीकडे बारा. शिवाय फोन करणाऱ्याच्या कानात वाजणारी घंटी आणि आपल्या टेबलावर वाजणारी घंटी एकाच क्षणी वाजत असतील असे नाही. त्याने तीन मोजल्या असतील तेव्हा आपण दोनच ऐकलेल्या असू शकतात. ‘मी उचलायला गेले आणि फोन बंद झाला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते.

आता तंत्रज्ञांच्या मोबाइलकडे फोन वळवण्याचा बेत. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि त्याचे मुख्य कारण तांत्रिक आहे. समजा, सहाही मोबाइल एका गटात घातले आणि त्यांपैकी एक बंद आहे किंवा तळघरात रेंजबाहेर आहे. त्या मोबाइलचा वैयक्तिक व्हॉइसमेल सुरू असेल, तर तो आलेला फोन तत्काळ घेतो. यंत्रणेच्या दृष्टीने ‘कोणीतरी उचलला’, म्हणून बाकीचे पाच मोबाइल वाजायचे थांबतात आणि ग्राहकाचा निरोप एका तंत्रज्ञाच्या खासगी पेटीत जाऊन पडतो, जी तो चार दिवसांनी उघडणार. कार्यालयाच्या नोंदीत मात्र हा फोन ‘उत्तर दिले’ म्हणून झळकतो. कागदावर सगळे आलबेल आणि ग्राहक संतापलेला, अशी स्थिती दिसली, तर हे कारण आधी तपासावे. यावर दोन उपाय आहेत: त्या मोबाइलवरचा व्हॉइसमेल पूर्ण बंद करणे, किंवा फोन स्वीकारण्यासाठी उचलणाऱ्याने एक अंक दाबला पाहिजे अशी पुष्टीची सोय यंत्रणेत सुरू करणे, कारण अंक दाबणे व्हॉइसमेलला जमत नाही.

फॉरवर्डिंगचे, म्हणजे आलेला फोन दुसऱ्या क्रमांकाकडे वळवण्याचे, चार प्रकार असतात आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो: सरसकट, फोन व्यग्र असताना, उत्तर न मिळाल्यास, आणि फोन संपर्काबाहेर असल्यास. आपण फक्त ‘उत्तर न मिळाल्यास’ हा प्रकार बदलता आणि बाकीचे तीन जुन्याच ठिकाणी, कदाचित कधीच्या काळी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या क्रमांकाकडे, वळलेले राहतात. मोबाइल नेटवर्कवर उत्तर न मिळाल्याची मुदत साधारणपणे ५ ते ३० सेकंदांपर्यंत, पाच-पाचच्या टप्प्याने ठेवता येते. कार्यालयाच्या यंत्रणेत आपण चाळीस सेकंद ठेवले आणि मोबाइलवर वीस असतील, तर मोबाइलच जिंकतो. सगळे पुसून नव्याने सुरुवात करायची असेल, तर बहुतेक जीएसएम नेटवर्कवर ##००२# हा संकेत लावल्याने सर्व प्रकारचे फॉरवर्डिंग एकदम रद्द होते. मग हवे तेवढेच पुन्हा लावावे. दोन फोन एकमेकांकडे फॉरवर्ड करून ठेवणारी मंडळीही मी पाहिली आहेत, पण त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

तंत्रज्ञ हातात पाना धरून यंत्रात वाकलेला असताना त्याने नव्या ग्राहकाशी नीट बोलावे, ही अपेक्षाही रास्त नाही. त्याने उचललेला फोन पुष्कळदा ‘नंतर करतो’ या शब्दांनी संपतो, आणि तो ‘नंतर’ कुठेही लिहिलेला नसतो. तंत्रज्ञापर्यंत फोन नव्हे, काम पोहोचले पाहिजे. ते लेखी संदेशाने अधिक चांगले पोहोचते.

सात पर्यायांच्या मेनूबद्दल थोडक्यात सांगतो. सात हा आकडा कार्यालयातील खात्यांवरून आला आहे, ग्राहकांच्या गरजांवरून आलेला नाही. ग्राहकाला दोनच गोष्टी ठाऊक असतात, यंत्र बंद पडले आहे किंवा इतर काही काम आहे. तेवढे दोन पर्याय द्यावेत, आधी काम सांगून मग अंक सांगावा, आणि काहीच न दाबणारा माणूस आपोआप स्वागतकक्षाकडे जावा. पाच जणांच्या कार्यालयात याहून मोठा मेनू म्हणजे एकाच खोलीला सात दरवाजे.

फोन वाजल्याचे कोणालाच आठवत नाही, अशी नोंद निघाली तर मात्र यंत्रांकडे वळावे. नवी यंत्रणा इंटरनेटवर चालणारी असेल, तर हा प्रकार वाढू शकतो, म्हणून आधीच सांगतो. अशा फोनला सर्व्हरकडे आपली हजेरी अधूनमधून नोंदवावी लागते. मधल्या राउटरने ती वाट मुदतीआधीच बंद केली, तर फोन टेबलावर जिवंत दिसतो, त्यावरून बाहेर फोनही लागतो, पण आत येणारे फोन न वाजता थेट व्हॉइसमेलवर जातात. हजेरीची मुदत कमी करणे, आणि राउटरमधील एसआयपी एएलजी नावाची, मदतीच्या नावाखाली अनेकदा खोळंबा करणारी सोय बंद करणे, हे त्यावरचे नेहमीचे उपाय आहेत. टेबलावरचे फोन वायफायऐवजी केबलने जोडावेत. आवाज आकड्यांत बदलून पाठवण्याच्या नेहमीच्या जी.७११ पद्धतीत आवाजासाठी सेकंदाला ६४ किलोबिट लागतात आणि तो ज्या तुकड्यांत पाठवला जातो त्या पॅकेटांचे ओझे धरून एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सुमारे ९० किलोबिट धरावे लागतात. म्हणजे जागा फार लागत नाही, पण त्याच वेळी कोणी मोठी फाइल पाठवू लागले की आवाज तुटतो, म्हणून राउटरमध्ये फोनला अग्रक्रम द्यावा. मोबाइलवरील ॲपमधून फोन घ्यायचे असतील, तर बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगमधून ते ॲप वगळावे, नाहीतर मोबाइल खिशात गेला की ॲप झोपते. वीज किंवा इंटरनेट गेल्यास फोन कुठे वळावेत, हे सेवा देणाऱ्या कंपनीकडे आधीच नोंदवून ठेवावे. आणि हे सगळे करण्यापूर्वी प्रत्येक टेबलावर जाऊन ‘डू नॉट डिस्टर्ब’चे बटन चुकून दाबलेले नाही ना, एवढे पाहावे. मी हसण्यावारी सांगत नाही. दोन दिवसांच्या शोधानंतर हे एवढेच कारण निघाल्याचे मी पाहिले आहे.

आता चुकामुकीकडे येतो, कारण वरचे सगळे केल्यावरही काही फोन हुकणारच आहेत. एकदा मी एका परिचिताशी आठवडाभर निरोपांची देवाणघेवाण केली. त्यांचा ‘फोन करा’, माझा ‘केला होता, आता तुम्ही करा’, पुन्हा त्यांचा, पुन्हा माझा. सहाव्या दिवशी बोलणे झाले तेव्हा कळले की त्यांना माझ्याकडून फक्त ‘हो’ एवढाच शब्द हवा होता. त्यांनी पहिल्याच निरोपात प्रश्न विचारला असता, तर मी दुसऱ्या निरोपात उत्तर दिले असते. चुकामूक होते ती दोघे व्यग्र असतात म्हणून नव्हे. दोघांनीही काम बोलण्यावर टाकलेले असते म्हणून.

म्हणून आपल्या व्हॉइसमेलच्या सूचनेत ‘निरोप ठेवा’ एवढेच म्हणू नये, काय काय सांगायचे ते सांगावे: नाव, सावकाश दोनदा सांगितलेला क्रमांक, यंत्र कोणते आणि त्याला काय झाले आहे, घरी किंवा कामाच्या ठिकाणी भेटण्याच्या दोन सोयीच्या वेळा, आणि उत्तर लेखी संदेशाने पाठवले तर चालेल का. अखेरचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. त्याला ‘हो’ म्हणणाऱ्या ग्राहकाला परत फोन करण्याची गरजच उरत नाही. आपला संदेश असा असावा: ‘मंगळवारी अकरा ते एक या वेळेत तंत्रज्ञ येतील. ही वेळ चालत असेल, तर उलट कळवण्याची गरज नाही. चालत नसेल, तर याच संदेशाला उत्तर द्या.’ यात पुढचे पाऊल आपण टाकलेले आहे आणि ग्राहकाच्या मौनालाही अर्थ आहे. फक्त हिशेबाचे किंवा खासगी स्वरूपाचे तपशील कोणाच्याही पेटीत बोलून ठेवू नयेत, कारण ती कोण ऐकेल ते आपल्याला ठाऊक नसते.

ज्यांना फोनच करावा लागेल, त्यांच्या बाबतीत दोन बारकावे सांभाळावेत. आपला माणूस स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतो तेव्हा ग्राहकाला अनोळखी क्रमांक दिसतो आणि तो उचलत नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फोनवर मुख्य क्रमांकच दिसावा, अशी सोय करून घ्यावी. पण मग ग्राहक त्या क्रमांकावर उलट फोन करतो आणि स्वागतकक्षात कोणालाच माहीत नसते की त्याला कोणी, कशासाठी फोन केला होता. ‘विचारून सांगते’ हे शब्द उच्चारले गेले की चुकामूक नव्याने सुरू झाली असे समजावे. त्यासाठी एकच सामायिक नोंद हवी. संगणकावरचा साधा तक्ता असला तरी चालेल. कोणाचा फोन आला, काय हवे आहे, आपले उत्तर काय आहे, आणि पाठपुरावा कोणाच्या नावावर आहे, एवढे रकाने पुरेत. त्यातला ‘आपले उत्तर’ हा रकाना बाहेर फोन लावण्याआधी भरलेला असला पाहिजे, म्हणजे ग्राहकाने उलट फोन केल्यावर जो कोणी उचलेल तो ते उत्तर वाचून काम तिथेच संपवू शकेल. ज्याच्याकडे माहिती त्याच्याशीच बोलणे झाले पाहिजे, ही अट निघाली की एकाच माणसाला गाठण्याची धडपड संपते.

दोनदा फोन करूनही ग्राहक सापडला नाही, तर तिसरा फोन करू नये; काम काय, उत्तर काय आणि कोणत्या वेळी आपण नक्की सापडू, हे लिहून पाठवावे. ‘कधीही करा’ असे लिहू नये. ‘आज चार ते पाच या वेळात मी फोनजवळ असेन’ असे लिहावे आणि खरोखर असावे.

एवढे दीड-दोन महिने करून पाहावे, आणि मग मालकांना नवी यंत्रणा घ्यायचीच असेल तर जरूर घ्यावी. विक्रेत्याकडे मेनूची लांबी मागू नये. प्रत्येक फोन किती सेकंद वाजला आणि शेवटी कोणाकडे गेला याची नोंद, टप्प्याटप्प्याने वाजण्याची सोय, मोबाइलवर पुष्टीचा अंक, आणि रांगेतील ग्राहकाला फोन ठेवून आपला क्रम राखण्याची मुभा, एवढे मागावे. जुना क्रमांक नव्या सेवेकडे पूर्ण हस्तांतरित झाल्याची खात्री होईपर्यंत जुनी सेवा बंद करू नये. आधी बंद केली, तर क्रमांकच हातचा जाण्याची भीती असते.

अखेर आपला थेट प्रश्न, व्हॉइसमेल ठेवावा की बंद करावा. कार्यालयाच्या वेळेत बंद करावा, बंद वेळेत ठेवावा. कामाच्या वेळेत फोन माणसाकडे किंवा रांगेत जावा. रांगेत कंटाळलेल्यालाच निरोपाची वाट दाखवावी. बंद वेळेतील निरोप एका ठरलेल्या व्यक्तीच्या नावावर असावेत, ते ईमेलने ध्वनिफितीसह यावेत, आणि यंत्राने केलेल्या लेखी रूपांतरावर नावे व आकड्यांच्या बाबतीत विसंबू नये, ते कानांनी ऐकूनच लिहावेत. ऐकलेले निरोप रोज पुसावेत, कारण पेटी भरली की पुढच्या ग्राहकाला निरोपही ठेवता येत नाही आणि हे कार्यालयात कोणालाच कळत नाही. सूचना आपल्या स्वागतकक्षातील सहकाऱ्याच्याच आवाजात मुद्रित करावी आणि उत्तर कधी मिळेल ते तिच्यात स्पष्ट सांगावे: ‘आपला निरोप उद्या सकाळी नऊला ऐकला जाईल आणि दुपारी बारापर्यंत आपल्याला उत्तर मिळेल.’ सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी कुलूप लावल्यावर आपल्या मोबाइलवरून मुख्य क्रमांक एकदा लावून पाहावा, आणि ऐकू येणाऱ्या सूचनेतला ‘उद्या’ हा शब्द त्या दिवशी खरा आहे की नाही, ते तपासावे.